दुपारच्या झोपेसाठी हॉटेल: लहान मुलांना घेऊन थीम पार्कला जाताना

आमची थोरली सहा वर्षांची आहे, धाकटा साडेतीनचा. मी बालवाडीत शिकवते. या वयाची मुलं दमली की कशी दिसतात, भूक लागली की कशी चिडतात, हे माझं रोजचं बघणं आहे. तरीही पहिल्यांदा थीम पार्कला गेलो तेव्हा तिकिटाचे पैसे वसूल करायच्या नादात मी हे सगळं बाजूला ठेवलं. सकाळी दहाला आत शिरलो ते रात्री आठपर्यंत आतच. दुपारी अडीचच्या सुमाराला धाकट्यानं फरशीवर अंग टाकून भोकाड पसरलं. थोरली काहीच बोलेना, नुसती बाबांच्या शर्टाचं टोक धरून चालत राहिली. सासूबाईंचे पाय सुजले होते, हे मला रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी धाकट्याला विचारलं, "काल काय काय केलं रे?" तर म्हणाला, "रांगेत उभं राहिलो."

पुढच्या वेळी पार्कला लागून असलेल्या हॉटेलात दोन रात्री राहिलो. रोज दुपारी साडेबाराला पार्कातून बाहेर पडायचं, खोलीत जेवून झोपायचं, चारला पुन्हा आत. मुलं तीच, राइड्स त्याच. पण संध्याकाळी सहा वाजता धाकटा लाकडी घोड्यावर ताठ बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होता. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येक आईबापांना एकच सांगते: मुलं सहा-सातच्या आतली असतील, तर पार्कचं हॉटेल घ्यायचं ते दुपारच्या झोपेसाठी. रंगीत खोल्या, कार्टूनच्या चादरी, नाश्त्याला येणारा, मोठ्या डोक्याच्या प्राण्याचं सोंग घेतलेला माणूस हे सगळं वरचं. झोपेची सोय होत नसेल, तर पार्कपासून दूरचं साधं हॉटेलही चालेल.

बुकिंग करण्याआधी

झोपेच्या या हिशेबात एक गोम आहे आणि ती बुकिंगच्या वेळी लक्षात येत नाही. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोन-तीननंतर मिळते आणि सकाळी अकरा-बाराला सोडावी लागते. म्हणजे एकच रात्र राहिलात तर पहिल्या दिवशी झोपेच्या वेळी खोली मिळालेली नसते आणि दुसऱ्या दिवशी झोपेच्या वेळी ती सोडलेली असते. पैसे भरूनही दोन्ही दुपारी मूल तुमच्या खांद्यावरच. म्हणून जमत असेल तर दोन रात्री घ्या आणि मधला दिवस हाच पार्कचा खरा दिवस धरा. पहिल्या दिवशी आरामात पोचायचं, खोली घ्यायची, पोहायचा पूल आणि हॉटेलचा परिसर बघायचा, लवकर झोपायचं. एकच रात्र परवडत असेल तर फोन करून उशिरा खोली सोडता येईल का, त्याचे जादा किती, हे आधीच विचारून नोंदवून घ्या. आयत्या वेळी काउंटरवर विचारलं तर खोल्या भरलेल्या असतात.

दुसरा प्रश्न, एकदा बाहेर पडल्यावर त्याच दिवशी पुन्हा आत सोडतात का? काही ठिकाणी हातावर शिक्का मारतात, काही ठिकाणी मनगटावर पट्टा असतो, काही ठिकाणी तिकीट पुन्हा स्कॅन करतात. आणि काही ठिकाणी एकदा बाहेर पडलात की तिकीट संपलं. तसं असेल तर दुपारची योजनाच कोलमडते, म्हणून हे तिकीट काढण्याआधी विचारायचं.

तिसरा प्रश्न अंतराचा. "पार्कला लागून" या शब्दांवर जाऊ नका. खोलीच्या दारापासून पार्कच्या फाटकापर्यंत चालत किती मिनिटं, असा सरळ प्रश्न विचारा आणि जे उत्तर येईल त्याच्या दुप्पट धरा, कारण साडेतीन वर्षांचं मूल वाटेत दगड वेचतं. टोकियो डिस्नेसीचं मिराकोस्ता हे 2001 साली सुरू झालेलं हॉटेल थेट पार्कच्या आतच बांधलेलं आहे. अशी सोय फार थोड्या ठिकाणी असते. बऱ्याचदा मध्ये बस असते. मग ती भर दुपारी किती वेळानं सुटते, बाबागाडी मिटवावी लागते का, हे विचारायचं. पेंगलेलं मूल कडेवर, पिशवी खांद्यावर आणि एका हातानं बाबागाडी मिटवणं, हे एकट्या माणसाला जमत नाही.

हॉटेलात राहणाऱ्यांना सर्वसामान्य लोकांच्या आधी अर्धा-एक तास आत सोडण्याची पद्धत बऱ्याच मोठ्या पार्कांत आहे. लहान मुलं तशीही सहाला उठून बसतात, त्यामुळे ही सवलत आपल्यासाठीच आहे असं समजा. फक्त त्या वेळात कोणत्या राइड्स चालू असतात ते विचारून घ्या. कधी कधी मोठ्यांच्याच दोन-तीन सुरू असतात आणि छोट्यांचा भाग नंतर उघडतो.

खोलीबद्दल मी तीन गोष्टी मागून घेते: लिफ्टपासून आणि पूलपासून लांबची खोली, लहान मुलाचा कठड्याचा पलंग आणि जाड पडदे. पडद्यांच्या मधल्या फटीतून भर दुपारचा उजेड नेमका पलंगावर येतो. त्यासाठी कपडे वाळत घालायचे चार चिमटे बॅगेत टाकते. पडदे एकमेकांवर ओढून चिमटे लावले की खोलीत रात्र होते.

उंची घरीच मोजा

पार्कात लहान मुलांचे सगळ्यात जास्त अश्रू सांडतात ते मापाच्या खांबापाशी. प्रत्येक राइडला किमान उंची ठरलेली असते आणि फाटकावरचा माणूस मुलाला खांबाला उभं करून बघतो. 90, 100, 107, 120 सेंटिमीटर असे आकडे पुन्हा पुन्हा दिसतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कात स्पेस माउंटन या रोलर कोस्टरला 44 इंच, म्हणजे साधारण 112 सेंटिमीटर लागतात. काही ठिकाणी उंचीऐवजी वय बघतात. कॅलिफोर्नियाच्या लेगोलँडमध्ये मुलांना स्वतः छोटी गाडी चालवता येते, तिथे मोठ्या मुलांची गाडी 6 ते 13 वयासाठी आणि छोट्यांची 3 ते 5 साठी अशी वेगळी आहे.

या उंचीवर घासाघीस करू नका. राइडचा दांडा मांड्यांवर आणि कमरेवर नीट टेकला, पाठ सीटला लागली, तरच तो मुलाला धरून ठेवतो. मूल त्या मापापेक्षा लहान असेल तर दांडा आणि अंग यांच्यात जागा राहते आणि झटका बसला की मूल त्या जागेतून सरकू शकतं. बुटात कागद घालून, टाचा उंच करवून मुलाला आत पाठवणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांना मी विनवून सांगेन, असं करू नका.

आमच्या थोरलीची पहिल्या वेळी फार निराशा झाली. घरी बुटांसकट 118 भरली होती, तिथे 120 हवे होते. अर्धा तास रांगेत उभी राहून ती खांबापाशी गेली, हळूच चवड्यांवर उभी राहिली. तिथल्या मुलीनं वाकून मऊ आवाजात सांगितलं, "टाचा खाली टेकव बाळ." तिनं टेकवल्या. रडली नाही, पण तिचा खालचा ओठ थरथरत होता, तो मला अजून दिसतो. चूक माझी होती. ती मर्यादा पार्कच्या वेबसाइटवर लिहिलेली होती आणि घरी भिंतीवर पेन्सिलची खूणही होती. मी दोन्ही जुळवून बघितलं नव्हतं.

आता जायच्या आठवडाभर आधी मी मुलांना पार्कात घालायचे बूट घालून मोजते. मग कागदाची लांब पट्टी कापते, बरोबर त्यांच्या उंचीची. पार्कच्या राइड्सची नावं दोन कागदांवर लिहिते. एकावर "या वर्षी", दुसऱ्यावर "उंच झाल्यावर". दुसरा कागद कपाटाला चिकटवून ठेवते. जे मिळणार नाही त्याचं दुःख घरी, शांतपणे, आईच्या मांडीवर होऊन जातं. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा प्रश्न असेल तर त्या राइडला सकाळी पहिल्यांदा जा. दिवसभर उभं राहून मणक्यातल्या चकत्या दबतात आणि माणूस संध्याकाळी किंचित बुटका होतो, हे खरं आहे.

उंचीबरोबर अजून एक हिशेब करायचा असतो, माणसांचा. लहान मुलांबरोबर मोठं माणूस बसावंच लागतं. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत सात वर्षांखालच्या मुलाबरोबर किमान चौदा वर्षांचं कोणीतरी हवं असा नियम आहे. राइडच्या डब्यात दोनच जागा असतील आणि दोन्ही मुलं लहान असतील तर दोन मोठी माणसं लागतात. एकटी आई दोघांना घेऊन बसू शकत नाही. आम्ही सासूबाईंना बरोबर नेतो त्याचं हेही एक कारण आहे, आणि संथ राइड्स त्यांना मनापासून आवडतात हे दुसरं.

मोठ्यांनाही कोस्टरवर बसायचं असेल तर फाटकावर "रायडर स्वॅप" आहे का विचारा. कुठे "पेरेंट स्वॅप", कुठे "बेबी स्विच" असंही म्हणतात. एकानं रांग लावून बसायचं, तोवर दुसरा मुलांपाशी थांबतो. पहिला उतरला की दुसरा पुन्हा रांग न लावता बसतो. उंचीत बसणाऱ्या मोठ्या मुलाला बऱ्याच ठिकाणी दोघांबरोबरही सोडतात, म्हणजे त्याच्या दोन फेऱ्या होतात. ही सोय असूनही पाटीवर ठळक लिहिलेली नसते. विचारलं तरच कळते.

सकाळ

पार्क उघडल्यापासूनचा पहिला दीड तास सोन्यासारखा असतो. रांगा नसतात, ऊन नसतं, मुलांचा मूड चांगला असतो. बहुतेक लोक फाटकातून आत आले की समोर जे पहिलं दिसेल तिथे थांबतात. तुम्ही थेट मागच्या टोकाला जा आणि तिथून फाटकाकडे येत राहा. म्हणजे दमायच्या वेळेला तुम्ही हॉटेलच्या जवळ आलेले असता.

आम्ही सकाळी तीनच राइड्स ठरवतो. एक थोरलीची, एक धाकट्याची, एक दोघांची. आदल्या रात्री मुलांनी नकाशावर बोट ठेवून त्या निवडायच्या. बाकी जे मिळेल ते वरकड. सुट्टीच्या मोसमात न जाता शाळा चालू असताना मधल्या वारी जाता आलं तर याच तीनच्या सात होतात. खोलीत न जाता पार्कातच जेवणार असाल तर जेवण अकराच्या आसपास उरकून घ्या. सगळ्यांना एकाच वेळी भूक लागते आणि साडेबाराला खाण्याच्या ठिकाणची रांग ही पार्कातली सगळ्यात लांब रांग असते. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नसले तरी तान्ह्या मुलांच्या खाण्याला बहुधा सूट असते, तीही आधी विचारून घ्या.

कोणत्याही रांगेत शिरण्याआधी मुलांना बाथरूमला न्यायचं, लागली असो वा नसो. इथे एक बारीक गोष्ट सांगते, कारण तिच्यावर आमचा पाऊण तास गेला होता. पार्कातल्या स्वच्छतागृहात बऱ्याचदा आपोआप पाणी सोडणारे कमोड असतात. मूल लहान असलं की सेन्सरला ते दिसत नाही आणि ते बसलेलं असतानाच खालून मोठ्ठा आवाज करत पाणी येतं. धाकटा किंचाळून उतरला आणि नंतर दिवसभर कुठल्याच कमोडवर बसेना. आता माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात चिकटचिठ्ठ्यांचं छोटं पुडकं असतं. आत गेलं की पहिली चिठ्ठी सेन्सरच्या काळ्या काचेवर लावायची, मुलाला ती स्वतः लावू द्यायची, काम झालं की काढायची.

उन्हाचं थोडक्यात. सनस्क्रीन खोलीतच लावून निघा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा, पाण्याच्या राइडनंतर तर नक्कीच. झोपलेल्या बाळाच्या बाबागाडीवर ओढणी किंवा पांघरूण टाकून ती पूर्ण झाकू नका. आतली हवा कोंडते आणि काही मिनिटांत आत भट्टी होते. गाडी सावलीत ठेवा, छत्री लावा. भिजायच्या राइड्स दुपारी बाहेर पडायच्या अगदी आधी ठेवा. ओलं मूल तसंच खोलीत न्यायचं, अंग पुसायचं, कोरडे कपडे घालून झोपवायचं.

भीती

याबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण पालकांच्या हातून सगळ्यात जास्त दुखावणं इथेच होतं.

तीन-चार वर्षांच्या मुलाला खरं आणि खोटं यातली रेघ अजून पक्की दिसत नाही. अंधारातून एकदम पुढे येणारा राक्षस पुठ्ठ्याचा आहे हे त्याला सांगून कळतं, पण अंगाला कळत नाही. त्यात मोठा आवाज अचानक आला की संपलं. आणि ज्या राइडला उंचीची अट नाही ती भीतीची नाही, असा समज करून घेऊ नका. उंचीची अट शरीरासाठी असते. अंधाराच्या संथ राइड्सना बऱ्याचदा कसलीही अट नसते, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त रडारड तिथेच झाली आहे.

मी काय करते ते सांगते. घरी त्या राइडचा व्हिडिओ आवाज बंद करून एकदा आणि आवाज लावून एकदा दाखवते. पार्कात गेल्यावर आधी तिच्या बाहेर पडायच्या दारापाशी दोन मिनिटं उभं राहून उतरणाऱ्या मुलांचे चेहरे बघायला लावते. "बघ, तो दादा हसतोय. ती ताई आईचा हात धरून आली." मग विचारते. "नको" म्हटलं तर नको. पुन्हा संध्याकाळी एकदा विचारते, तिसऱ्यांदा नाही. आत गेलोच तर कानात सांगत राहते, आता अंधार येणार, आता आवाज होणार, आता उजेड दिसेल. आधी कळलेला आवाज निम्माच मोठा वाटतो. आणि घरातल्या कुणीही, काकांनी, मामांनी, दादानं, त्या मुलाला भित्रा म्हणायचं नाही. हे निघायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवते.

मोठ्या डोक्याचे प्राणी हेही तसंच. लांबून हात करताना मूल खूष असतं आणि तो प्राणी चार पावलांवर आला की आईच्या मागे दडतं. फोटोसाठी त्याला पुढे ढकलू नका. तुम्ही स्वतः जाऊन हात मिळवा, मुलाला बघू द्या. आमचा धाकटा दुसऱ्या दिवशी आपण होऊन गेला आणि त्याच्या पंजाला एक बोट लावून पळत आला. तो फोटो माझ्याकडे नाही, कारण मी दोन्ही हात पसरून खाली बसले होते.

हॉटेलच्या खोलीतही भीती असू शकते, हे मला तिथे गेल्यावर कळलं. आमची खोली समुद्री चाच्यांची होती. दिवसा मुलांनी उड्या मारल्या. रात्री दिवा मालवला आणि भिंतीवरच्या चाच्याचे डोळे खालच्या पिवळ्या दिव्यात चकाकायला लागले. धाकटा कुशीत शिरून कुजबुजला, "तो झोपत का नाही?" मी उठून आंघोळीचा मोठा टॉवेल आणला, आम्ही दोघांनी मिळून चाच्याला पांघरूण घातलं, धाकट्यानं त्याला थोपटलं. पाच मिनिटांत झोपला. तेव्हा थीमची खोली घेणार असाल तर मुलांना तिचे फोटो आधी दाखवा आणि आपल्या घरची उशी, नेहमीचं पांघरूण, ओळखीचा मंद दिवा बरोबर न्या. परक्या जागेत झोप लागते ती ओळखीच्या वासावर.

हरवलं तर

मेरी-गो-राउंडपाशी थोरली चार मिनिटं हरवली होती. मी धाकट्याच्या बुटाची लेस बांधायला वाकले, तिचे बाबा पाणी आणायला गेले होते, आणि ती "त्यांच्यामागे" गेली. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच निळ्या शर्टामागे गेली होती. ती सापडली कारण आम्ही सकाळी एक गोष्ट केली होती. हरवल्यासारखं वाटलं की जिथे आहेस तिथेच थांबायचं आणि मोठ्यानं आईचं नाव घेऊन हाक मारायची, नुसतं "आई" नाही. "आई" म्हटलं की शंभर बायका वळून बघतात. तिनं माझं पूर्ण नाव ओरडून घेतलं आणि एका झाडूवाल्या मावशींनी तिला ओळखपत्र दाखवून जवळ उभं केलं.

सकाळी खोलीतून निघताना दोन्ही मुलांचा पायापर्यंतचा एक फोटो काढा, त्या दिवसाच्या कपड्यांत. घाबरलेल्या आईला शर्टाचा रंग आठवत नाही. मनगटाच्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा, नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका. आत शिरल्यावर पहिल्याच कर्मचाऱ्यापाशी थांबून मुलांना त्यांचा गणवेश आणि बिल्ला दाखवा, "हरवलात तर असे कपडे शोधायचे." आणि मूल दिसेनासं झालं तर पाच मिनिटं स्वतः शोधू मग सांगू, असं करू नका. लगेच जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा, मोठ्या आवाजात वर्णन करा: "तीन वर्षांचा मुलगा, पिवळा शर्ट, कोणी पाहिला का?" लाज वाटू देऊ नका. एक माणूस त्याच जागी थांबू द्या, दुसऱ्यानं आधी पाण्याच्या दिशेनं जा.

दुपार

साडेबारा म्हणजे साडेबारा. "अजून एकच" असं मुलं म्हणणार, आणि खरं सांगायचं तर त्यांचे बाबाही म्हणणार. सकाळीच सांगून ठेवा, घड्याळात काटा इथे आला की निघायचं. वाटेत मुलं जागी हवीत. बाबागाडीत वीस मिनिटांची डुलकी लागली की खोलीत गेल्यावर झोपत नाहीत आणि संध्याकाळ पुन्हा किरकिरीत जाते. आम्ही वाटेत गाणी म्हणतो, सासूबाई कोडी घालतात.

खोलीत जेवण, पाय धुणं, पडद्यांना चिमटे, आणि मोठ्यांनीही आडवं व्हायचं. मोबाइल बघत बसलात तर मुलांना कळतं की काहीतरी चालू आहे. थोरली आता दुपारी झोपत नाही. तिला चित्रांची वही देऊन "आवाज न करता एक तास" असं ठरवलंय. ती सकाळच्या राइड्स काढते. त्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत.

झोपेनंतर पूल हवा असेल तर तो पार्कच्या ऐवजी, पार्कबरोबर नाही. पूलला जाताना लहानग्याला पोहण्याचा डायपर लागतो, साधा डायपर पाणी पिऊन फुगतो. पोहण्याचा डायपर लघवी धरत नाही, तेव्हा तो पाण्याजवळ गेल्यावरच घाला. दंडावरचे हवेचे फुगे मुलाला बुडण्यापासून वाचवत नाहीत. हात लांब केला की मूल हाताला लागेल इतक्या अंतरावर एक मोठं माणूस पाण्यातच हवं, आणि त्याच्या हातात फोन नको. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. ते गप्पपणे खाली जातं.

चारनंतरचं पार्क वेगळं असतं. सकाळपासून उन्हात असलेली कुटुंबं निघायला लागलेली असतात. आमच्या संध्याकाळी ठरलेलं काहीच नसतं. सकाळी आवडलेली राइड पाच वेळा करायची असेल तर पाच वेळा. वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या मेरी-गो-राउंडवर बसवून स्वतः बाकावर बसून राहायचे, आणि आईबाप आणि मुलं दोघांनाही मिळून मजा करता येईल अशी जागा हवी हे त्यांना तिथे सुचलं, असं ते सांगत. 1955 च्या 17 जुलैला डिस्नेलँड उघडलं. मी संध्याकाळी घोड्यांच्या त्या फिरत्या पाळण्यावर मुलांबरोबर बसते तेव्हा मला त्या बाकाची आठवण येते. बाकावर बसू नका, घोड्यावर बसा. मोठ्यांनाही सोडतात.

निघताना

शेवटच्या दिवशी मुलांना एकदम "चला, संपलं" म्हणून ओढू नका. शेवटची राइड कोणती हे त्यांना निवडू द्या, आणि ती झाली की फाटकापर्यंत प्रत्येक गोष्टीला टाटा करत चाला. कारंज्याला टाटा, घोड्यांना टाटा. दहा मिनिटं जातात, पण रडारड होत नाही. दुकान बाहेर पडायच्या वाटेवरच असतं, तेव्हा कोणाला किती वस्तू मिळणार हे आदल्या रात्रीच ठरलेलं असू द्या. आमच्याकडे एकेक, हातात मावेल एवढी.

सामान रिसेप्शनला ठेवून खोली सोडल्यावरही पार्कात फिरता येतं. मात्र अंगावरचे बदलायचे कपडे, औषधं आणि चार्जर वेगळ्या छोट्या पिशवीत काढून ठेवा, मोठ्या बॅगा एकदा आत गेल्या की दर वेळी मागून घ्याव्या लागतात. आणि खोलीतून निघण्याआधी पलंगावरची पांघरुणं एकेक करून झटका, उशांच्या खोळीत हात घाला, पलंगाखाली बॅटरी मारून बघा. धाकट्याचं कापडी कासव एकदा असंच चादरींच्या घडीत गुंडाळलं जाऊन धुलाईला गेलं. ते परत येईपर्यंतच्या तीन रात्री तो नीट झोपला नाही. आता खोली आवरायला घेतली की सगळ्यात आधी कासव बॅगेत जातं, आणि तो स्वतः चेन लावतो.